चार वाजून बारा मिनिटांचा फोटो

“मागे बसलेल्या तुम्हीच का, मॅडम?”

नवलने कॉम्प्युटरचा पडदा दिपमालाकडे वळवला आणि स्वतःची खुर्ची मागे ढकलून तिला जागा करून दिली. जळगावच्या आरटीओ कार्यालयाबाहेर पत्र्याच्या टपरीत बसून तो लोकांच्या गाड्यांचे कागद करून द्यायचा. वडिलांची स्कूटर वारस म्हणून स्वतःच्या नावावर करून घ्यायला दिपमाला त्याच्याकडे आली होती. मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, आईचं संमतिपत्र, सगळं तिने फाइलमध्ये क्रमाने लावून आणलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात वीस वर्षं काढल्यावर कागद क्रमाने लावायची सवय अंगात मुरते. पडद्यावर होतं ते मात्र तिच्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

पडद्यावर उन्हाने पांढरा पडलेला रस्ता होता. त्यावर एक करडी स्कूटर. चालवणाऱ्याच्या डोक्यावर पांढरं हेल्मेट, काच खाली ओढलेली, त्यामुळे चेहरा असा नव्हताच. मागे एक बाई एका बाजूला पाय सोडून बसली होती. डोक्यावर पदर, तोंड वळलेलं, एक हात चालवणाऱ्याच्या खांद्यावर. खाली लिहिलं होतं: मागे बसणाऱ्याने हेल्मेट न घालणे. धुळे, पारोळा रोड. २८ एप्रिल, १६:१२.

“नाही,” दिपमाला म्हणाली. “मी नाही. आणि गाडीही आमची नाही.”

“नंबर तर तुमचाच आहे.”

“नंबर कोणीही कोणाच्याही गाडीला लावतं.”

“लावतं ना. आमच्याकडे येतात अशा केसेस.” नवलने समजूतदारपणे मान हलवली. “पण मॅडम, पाचशे रुपये आहेत. दंड बाकी असला की गाडी नावावर होत नाही. भरून टाका आणि मोकळ्या व्हा. नाहीतर धुळ्याला वाहतूक शाखेत जाऊन तक्रार द्या. गाडीचे दोन्ही बाजूंनी फोटो, आरसी, आणि लेखी जबाब, की त्या दिवशी गाडी तिथं नव्हतीच.”

ह्याला भरण्याची एवढी घाई का, असं तिच्या मनात येऊन गेलं. भरलेल्या दंडातून ह्याला काही सुटत असेल का? नवल तेवढ्यात शेजारच्या माणसाला फॉर्मवर सही कुठे करायची ते दाखवू लागला होता. तिने मोबाईलवर पडद्याचा फोटो काढून घेतला आणि फाइल उचलली.

रिक्षात बसल्यावर तिने तारीख पुन्हा वाचली. वाचायची गरज नव्हती. २८ एप्रिल म्हणजे गेल्या आखाजीच्या दोन दिवस आधीचा दिवस. तो दिवस तिला तोंडपाठ होता.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी यायचं असतं, आणि तिला न्यायला माहेरचं कोणीतरी जायचं असतं. त्याला मुराळी म्हणतात. दिपमालाला भाऊ नव्हता. लग्नाला अठरा वर्षं झाली, सतरा वर्षं तिचे वडीलच मुराळी होऊन आले. अमृत फिटर. पारोळ्याच्या जिनिंगमध्ये सगळी उमर गेलेला माणूस, कानात कापसाचे तंतू आणि नखांत ग्रीस. आखाजीच्या दोन दिवस आधी पहाटे पारोळ्याहून निघायचे ते ऊन तापायच्या आत जळगावात दारात हजर. स्कूटरच्या हुकाला गोडीशेवेची पिशवी. दिपमालाचा नवरा प्रेमराज दर वर्षी म्हणायचा, “आबा, एवढ्या लांब स्कूटर कशाला? मी कारने सोडतो तिला. नाहीतर बसने या.” आबा दर वर्षी तेच उत्तर द्यायचे.

“मुराळी कधी एस्टीमा येस का, जावईबापू? तो काय पार्सल शे?”

गेल्या वर्षी २८ एप्रिलला सकाळी नऊ वाजता त्यांचा फोन आला होता. “दिपू, गुडघा आखडना शे बेटा. घरमाच पडेल शे. औंदा तू बसमा बसी नि यी जाय.”

“मुराळी नाही तर माहेरवाशीणही नाही, आबा,” ती म्हणाली होती. ते हसले होते. तीही हसली होती. संध्याकाळपर्यंत तिलाही ती थट्टाच वाटत होती. दुसऱ्या दिवशी तिने बसच्या वेळासुद्धा पाहिल्या. आणि मग कुठून कोण जाणे, एक अढी मनात येऊन बसली. सतरा वर्षांत एकदा त्यांना जमलं नाही तर तिने आपण होऊन जायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. तिने ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी आहे असं कळवलं आणि ती गेली नाही. चार दिवसांनी आबांनी एस्टीच्या कंडक्टरकडे गोडीशेव पाठवली. ती तिने कॉलेजात वाटून टाकली. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात आबा दुपारचे जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

त्या दिवशी ते घरात पडून होते. ती तेवढं एकच धरून होती. गुडघा दुखत होता म्हणून आले नाहीत, आणि आपण मूर्खासारख्या रुसलो. यात दोष तिचा होता, आणि तो दोष तिने सात महिने गुपचूप वागवला होता. आता कोणी म्हणत होतं की ते घरी नव्हतेच. ते धुळ्यात होते आणि त्यांच्या मागे एक बाई बसली होती.

“भरून टाक ना,” रात्री जेवताना प्रेमराज म्हणाला. “पाचशे रुपयांसाठी धुळ्याच्या चकरा मारणार?”

“पाचशेचा प्रश्न नाही.”

“मग कशाचा आहे?”

तिने त्याच्या ताटात पोळी वाढली. भरणं म्हणजे कबूल करणं. एवढं साधं ह्याला कळत नाही, की कळून हा बोलत नाही?

रविवारी ती पारोळ्याला गेली. स्कूटर घराच्या ओट्यापाशी जुन्या चादरीखाली उभी होती. महिन्यातून एकदा चुडामण येऊन ती चालू करून जायचा. चुडामणचं गॅरेज गल्लीच्या तोंडाशी होतं. आबांच्या गाडीला त्याच्याखेरीज कोणी हात लावलेला नव्हता. तिने त्याला बोलावून घेतलं, चादर काढली आणि दोन्ही बाजूंनी गाडीचे फोटो काढले. मग मोबाईलमधला दंडाचा फोटो मोठा करून ती एकेक वस्तू ताडून पाहू लागली. आरसे तसेच. रंग तोच, पण तो रंग हजार गाड्यांना असतो. उजव्या बाजूच्या पत्र्याला एक पोचा होता, तळहाताएवढा. फोटोतल्या गाडीला तो नव्हता.

तिला एकदम हलकं वाटलं. “हे बघा, चुडामण भाऊ. हा पोचा फोटोत नाही. म्हणजे ती गाडी दुसरी.”

चुडामणने वाकून पोच्यावरून अंगठा फिरवला. “हाऊ पोचा आखाडमा पडना ना. स्टँड सरकना नि गाडी वट्टावर आदळनी. मी ठोकी देत व्हतू, आबा बोलनात, ऱ्हाऊ दे.”

“तुम्हाला नक्की आठवतं?”

“मनी गाडी नही का ती? मीच त पाये तिले रोज.”

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. पोचा पडल्याचं आबांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. पण आखाडात ती आबांशी बोलायची तरी किती? जेवलात का, औषध घेतलंत का, एवढंच. “गाडी तुमच्याकडे असली की चावीही तुमच्याकडेच असायची ना?”

“मंग? गाडी दुरुस्तीले नि चावी आबाना खिशामा, आसं व्हस का कठे?”

“कोणाला दिली होती का गाडी? आखाजीच्या आधी? धुळ्याला जायला?”

चुडामण सरळ उभा राहिला. “काय व दिपू? माले चोर म्हनस का तू? तीस वरीस झायात, आबानी गाडी मी दुसराले दिसू?”

“तसं नाही म्हणाले मी.”

“आसंच म्हननी.”

तिने मोबाईल त्याच्यापुढे धरला. त्याने हातावरचं तेल पँटला पुसून तो घेतला, उन्हाकडे पाठ केली आणि फोटो पाहिला. पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी तो बराच वेळ पाहत राहिला. मग बाहीने काच पुसून मोबाईल परत दिला. “भरी टाक बेटी,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “कसाले खोदस?”

आणि गॅरेजकडे निघून गेला.

वर गच्चीवर तिची आई, झुंबरबाई, ज्वारीचे बिबडे वाळत घालत होती. ओल्या कपड्यावर हाताने थापलेले मोठेमोठे पापड, ओळीत. दिपमाला तिच्याशेजारी उकिडवी बसली. फोटो दाखवायचा नाही, हे तिने जिना चढतानाच ठरवलं होतं.

“माय, गेल्या आखाजीच्या आधी आबा धुळ्याला गेले होते का गं?”

“धुयाले?” झुंबरबाईंचा हात थबकला. “धुयाले कसाले जातीन? काय व्हयनं?”

“काही नाही. गाडीवर एक दंड आहे जुना. धुळ्याचा.”

“कितला?”

“पाचशे.”

“मंग भरी टाक. पाचशे रुप्यासाठे इतलं काय?” असं म्हणून त्यांनी एक बिबडा उलटला. तो अजून ओला होता. मधोमध फाटला. पन्नास वर्षं बिबडे करणाऱ्या बाईने ओला बिबडा उलटलेला दिपमालाने आयुष्यात पाहिला नव्हता.

नवल, प्रेमराज, चुडामण, माय. चार ठिकाणच्या चार माणसांनी तिला एकच सल्ला दिला होता. तिला वाटलं, सगळ्या गावाला काहीतरी ठाऊक आहे आणि आपणच तेवढ्या बाहेर उभ्या आहोत. आणि मग तिला आबांच्या दहाव्याचा दिवस आठवला. बायकांच्या घोळक्यात, अगदी उंबऱ्यापाशी, तिशीची एक बाई बसली होती. ती रडत होती. सगळ्यांचं रडून झालं, चहा फिरला, तरी ती रडत होती. चहा न घेताच उठून गेली. ही कोण, असं दिपमालाने विचारलं तेव्हा माय म्हणाली होती, “शे एक ओळखनी.”

मंगळवारी रजा टाकून ती धुळ्याला गेली.

वाहतूक शाखेतल्या टेबलामागे एक हवालदारबाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोरच्या पोराला त्या सांगत होत्या, “सिग्नल लाल होता की नव्हता ते तू मला नको सांगू, ते त्या कॅमेऱ्याला सांग.” मग दिपमालाकडे वळल्या. “बोला ताई.”

तिने फाइल उघडून फोटो, आरसी आणि मृत्यूचा दाखला पुढे ठेवला. “ही आमची गाडी नाही. आमचा नंबर कोणीतरी वापरला आहे.”

“गाडी वडिलांची. वडील वारले. मग जबाब कोण देणार?”

“मी.”

“तुम्ही त्या दिवशी वडिलांजवळ होतात?”

“नाही. मी जळगावला.”

“मग ते कुठं होते?”

“घरी. पारोळ्याला.”

“कशावरून?”

“त्यांनीच फोनवर सांगितलं होतं.”

हवालदारबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “ताई, इथं येणारे सगळे त्या दिवशी घरीच असतात.” मग तिचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. “राग मानू नका. असा नंबर चोरतात, नाही असं नाही. दुसरा फोटो पाहिलात का? पुढच्या कॅमेऱ्याचा, पाठीमागून घेतलेला. तुमच्या कागदावर तो आलेला नसेल. इकडे या.”

ती टेबलाला वळसा घालून गेली. हवालदारबाईंनी फोटो मोठा केला. नंबर स्पष्ट होता. त्याच्या वर बाईच्या पाठीचा पदर, आणि पदराखाली सीटवर बांधलेली एक चौकोनी गादी. लाल छिटाची, कडेला पिवळी पट्टी. मागच्या दांडीला दोन नाड्यांनी बांधलेली, एक नाडी पांढरी आणि एक निळी.

निळी नाडी दिपमालाच्याच परकराची होती. सीट चपटी झाली, मनी आंडेरले हाडं टोचतस, असं म्हणून लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मायने ती गादी शिवली होती. आंडेर, म्हणजे लेक. गादी वर्षभर सीटखालच्या डिकीत पडून असायची. वर्षातून एकदा निघायची, आखाजीला, मुराळी निघाला की. तिच्यासाठी.

“ओळखीचं आहे काही?” हवालदारबाईंनी विचारलं.

दिपमाला निळ्या नाडीकडेच पाहत राहिली. त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील कागद काढून तिच्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं. “वर नाव, गाडीचा नंबर. खाली लिहा, सदर वाहन माझ्या वडिलांचे नाही, ते त्या दिवशी धुळ्यात नव्हते. सही करा. पुढचं आम्ही तपासू.”

तिने नाव लिहिलं. नंबर लिहिला. सदर वाहन, इथपर्यंत लिहिलं. पुढचे शब्द लिहिणं अवघड नव्हतं. ते लिहिले असते तर कदाचित दंड रद्द झाला असता, आबा घरी पडून राहिले असते, आणि ती बाई कोणाचीच कोणी नसती. पेन कागदावर टेकून तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“मी विचार करून येते,” ती म्हणाली.

“करा विचार. फोटो घ्यायचा तर पडद्यावरून काढून घ्या मोबाईलमध्ये. आणि ताई,” हवालदारबाईंनी कागद परत घेतला नाही, “हा घेऊन जा. घरी बसून लिहा.”

पारोळ्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती रस्ता पाहत राहिली. याच रस्त्याने ती दोघं गेली होती, म्हणजे तोंड पारोळ्याकडे होतं. पारोळ्यात कुठे? तिने पुष्कळ पुस्तकं वाचली होती. बाहेरून साधी दिसणारी, घरी वेळेवर येणारी, एका आयुष्यात दोन आयुष्यं जगणारी माणसं तिने कागदावर अनेकदा पाहिली होती. त्यांच्या मुलींची तिला दया यायची. आता तिने आबांचे सगळे उशीर मोजले. जिनिंगमध्ये मशीन अडकलं म्हणून झालेले उशीर, लग्नसराईतले, हंगामातले. तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान बाई. कदाचित बाईच नसेल ती. कदाचित मुलगी असेल, दुसऱ्या घरातली. हा विचार आल्यावर तिने खिडकीची काच बंद केली, उकाडा असूनही.

घरी पोचल्यावर ती वर गेलीच नाही. खुंटीवरून चावी काढली, स्कूटरची सीट उचलली. गादी तिथेच होती, घडी घालून, पेट्रोलचा वास लागलेली. तिने ती उचलली आणि स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेल्या आईच्या मांडीवर ठेवली.

“हिच्यावर कोण बसलं होतं, माय?”

झुंबरबाईंनी गादीकडे पाहिलं. निळ्या नाडीची सुटलेली गाठ त्यांनी बोटांनी पुन्हा बांधली. मग म्हणाल्या, “कोकिळा.”

“कोण कोकिळा?”

“रुपचंदनी आंडेर.”

रुपचंद दिपमालाला आठवत होता. जिनिंगमध्ये आबांच्या जोडीचा फिटर, तीस वर्षं एका पाळीला. एका डब्यात जेवणारे दोघे. त्या आखाजीच्या आधीच्या माघात तो गेला, तेव्हा आबा तीन दिवस कोणाशी बोलले नव्हते.

“तिनी माय त पहिलेच नही,” झुंबरबाई सांगू लागल्या. “भाऊ सुरतले. बाप गया नि त्यानी महिनाभरमा घर इकी टाकं. मंग आखाजी उनी. तिले लेवाले कोन जाई? तिना सासरले मुराळी उना शिवाय सून धाडतस नही. नि वरथून बोलतस, तुनं माहेर बुडनं आते. तिनी आबाले फोन कया, रडाले लागनी.”

“म्हणून आबा गेले.”

“गुडघा त दुखतच व्हता ना बेटी. खोटं नही बोलनात तेवढं. म्हने, एकच फेरी व्हई मनाकडथून. जळगाव जाऊ का धुये? रातभर इचार कया. मंग म्हने, दिपू बसमा बसी नि यी जाई. तिले कोनी अडावत नही. हिले कोनी धाडत नही.”

दिपमाला ओट्याला टेकून उभी होती. “मला खरं का नाही सांगितलं?”

“मी बोलनू ना, सांगी द्या. त म्हने, मुराळी दुसरानी आंडेरले लेवाले गया हाई काय फोनवर सांगानी गोट शे? तिले वाईट वाटी. ती उनी की दोन्हीस्ले झोकावर बसाडसू, मंग मीच सांगसू. तू सांगू नको. माले शप्पथ टाकी.” झुंबरबाईंनी गादी मांडीवर सरळ केली. “नि तू उनीच नही.”

बाहेर कोणीतरी भाजीची गाडी ढकलत नेत होतं. तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

“नंतर तरी सांगायचं,” दिपमाला म्हणाली.

“नंतर तू फोनवर बोले का धड?”

ती खोलीत जाऊन बसली. मोबाईल काढून तिने पहिला फोटो पुन्हा उघडला. आता त्यात शोधायचं काही उरलं नव्हतं, म्हणून ती नुसतीच पाहत राहिली. पांढरं हेल्मेट. उन्हात जरा पुढे झुकलेले खांदे. दुखरा गुडघा बाहेरच्या बाजूला काढून धरलेला. हे आता तिला दिसलं. मागे डोक्यावर पदर घेतलेली लेक, बापाच्या खांद्यावर हात. हुकाला पिशवी. सतरा वर्षं ती त्या गादीवर बसली होती, पण मागे बसलेल्याला बाहेरून ते कसं दिसतं ते कधी पाहता येत नाही. दोघांचा असा फोटो कोणी काढायचं कारणच नव्हतं. आपण अशाच दिसत असणार, तिला वाटलं. अगदी अशाच.

अर्धवट लिहिलेला कागद तिने फाइलमधून काढला, चार घड्या केल्या आणि चुलीपाशी काड्यांच्या डबीखाली ठेवला. मायने तो संध्याकाळी न विचारता पेटवणाला वापरला.

गुरुवारी नवलच्या टपरीत तिने पैसे पुढे केले. त्याने पावती काढली, शिक्का मारला.

“म्हणजे ओळख पटली?”

“हो. वडील आहेत माझे.”

“आणि मागच्या बाई?” त्याने सहज विचारलं.

“बहीण आहे,” दिपमाला म्हणाली. “आणि तो फोटो मला जाड कागदावर छापून द्या. मोठा.”

आखाजीच्या दोन दिवस आधी ती सकाळी पारोळ्याहून निघाली. गाडी नावावर झाली होती. चुडामणने ब्रेक घट्ट करून दिले होते, हवा पाहून दिली होती, आणि गेल्या वेळचं काहीच झालं नाही अशा थाटात म्हणाला होता, “ट्रकना मांगे मांगे चालू नको व दिपू. आबानी सवय व्हती ती, वाईट सवय.” हुकाला गोडीशेवेची पिशवी होती. सीटवर गादी, दोन नाड्यांनी बांधलेली. एक हेल्मेट डोक्यावर आणि दुसरं, नवंकोरं, पायांपाशी.

धुळ्यात ते घर शोधायला वेळ लागला नाही. दारात कोकिळाची सासू, सुगंधाबाई, तांदूळ पाखडत बसली होती. मायने आधी फोन करून मुराळी येतो आहे एवढंच कळवलं होतं. सुगंधाबाईंनी दिपमालाच्या मागे रस्त्यावर पाहिलं, आणखी कोणी दिसतं का म्हणून.

“मुराळी कठे शे?”

“मीच शे,” दिपमाला म्हणाली. किती वर्षांनी ती परक्या माणसाशी अहिराणीत बोलत होती. “अमृत फिटरनी आंडेर. कोकिळाले लेवाले उनू.”

“बाईमानूस मुराळी?” सुगंधाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांनी स्कूटर पाहिली, पिशवी पाहिली, पायांपाशी ठेवलेलं हेल्मेट पाहिलं. मग मान आत वळवून हाक मारली, “व कोकिळा, पानी आन. तुना मुराळी उना.”

कोकिळा बाहेर आली. दहाव्याला उंबऱ्यापाशी बसलेली तीच. तिने पाण्याचा तांब्या दिला आणि दिपमालाच्या पाया पडायला वाकली. दिपमालाने तिला अर्ध्यात धरलं. पिशवी घेऊन गाडीपाशी आल्यावर कोकिळा गादीकडे पाहत उभी राहिली.

“अक्का, हाई त तुमनी गादी शे.”

“बस तू.”

“मागला साले आबा दोन्ही दिन दाराकडेच देखत व्हतात,” कोकिळा म्हणाली. “एस्टीना आवाज उना की उठेत. म्हनेत, दिपू उनी व्हई.”

दिपमालाने नवं हेल्मेट तिच्या हातात दिलं. पट्टा कसा लावायचा ते कोकिळाला कळेना, तेव्हा तिच्या हनुवटीखाली तो स्वतःच लावून दिला, लहान मुलाचा लावावा तसा. पदर हेल्मेटमध्ये अडकला होता, तो मोकळा केला.

पारोळा रोडच्या चौकात सिग्नल लाल झाला. गाड्या पांढऱ्या पट्टीच्या पुढे सरकत होत्या. दिपमाला पट्टीच्या अलीकडे थांबली. वर खांबावर कॅमेरा होता. दोघींच्या डोक्यावर हेल्मेटं होती, गाडी पट्टीच्या आत होती. त्यांचा फोटो कोणी काढणार नव्हतं.

सिग्नल हिरवा झाला. गाडीला जरा झटका बसला आणि तोल जाऊ नये म्हणून कोकिळाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. पाचही बोटं, घट्ट. दिपमालाला तो हात पारोळा येईपर्यंत खांद्यावर जाणवत राहिला. तिने गाडी हळूच चालवली.